रंभेचे बूट

तिवसा, रविवार, ४ मार्च २००७

अब्बा, सलाम.

तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून लिहिते. हे वकारचाचांची गजाला वाचून दाखवेल. तिलाही नीट कळावे म्हणून काय घडले ते क्रमाने देते.

१. शनिवार, १० फेब्रुवारी. मोझरी फाट्यावरच्या आपल्या दुकानात तुम्ही देवमनभाऊंच्या टांग्याच्या घोडीला, रंभेला, चार नवे नाल ठोकले. मी लगाम धरून उभी होते. बाजूच्या मांडवात लग्नाचा बँड वाजत होता.

२. मंगळवार, १३ फेब्रुवारी. रंभा उजव्या पुढच्या पायाने लंगडू लागली.

३. बुधवार, १४ फेब्रुवारी. टांगा स्टँडवर मी त्या पायाचा नाल काढला. आतल्या बाजूचा तिसरा खिळा खुराच्या जिवंत भागात गेला होता. पू निघाला.

४. स्टँडवर सात-आठ माणसे होती. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "खिळ्याचं काही नाही. नाल हीच मुळात चूक आहे. या घोडीला यापुढे नाल नको." तुम्ही मागे उभे होतात.

५. त्याच संध्याकाळी तुम्ही अवजारे पोत्यात भरली आणि अकोल्याला वकारचाचांकडे निघून गेलात. खूर घासायची कानस आणि चष्मा इथेच राहिले.

इतकेच घडले.

आता आजची स्थिती. पू थांबला आहे. दिवसातून दोनदा कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवते आणि पट्टी बदलते. सूज उतरली. पण चारही खुरांची कड जुन्या खिळ्यांच्या छिद्रांपाशी वाळल्या भाकरीसारखी तुटते आहे. नवा खिळा धरेल अशी जागा उरलेली नाही. नवी कड वरून खालपर्यंत वाढून यायला नऊ-दहा महिने लागतात. तसे मी देवमनभाऊंना सांगितले.

"धा महिने?" ते म्हणाले. "मंग तोवर तिले काय फोटो काढाले उभी ठेवू?"

त्यांनी एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोपर्यंत रंभा टांग्याला लागली नाही तर तिला बाजारात नेणार. लंगडी घोडी बाजारात कोण घेतो हे तुम्ही मला लहानपणी कधी सांगितले नाही. जनावरांच्या दवाखान्यातल्या नोकरीत कळले.

माझे ठरले आहे. रंभेला बूट घालायचे. मागच्या वर्षीच्या प्रशिक्षणात पुण्याच्या एका डॉक्टरांनी घोड्याचे परदेशी बूट दाखवले होते. रबरी तळ, वरून पट्टा, खिळा एकही नाही. मी वहीत तिन्ही बाजूंनी चित्र काढून ठेवले होते. तिवशात टायरच्या चपला करणारे खुशालराव आहेत, त्यांच्याकडून करून घेईन.

कानस मी वापरते आहे. चष्मा पेटीत ठेवला आहे.

अम्मी बरी आहे. तुम्ही परत यावे असे तिचे म्हणणे आहे. माझेही.

मिस्बाह

तिवसा, रविवार, १८ मार्च २००७

अब्बा, सलाम.

बूट झाले. जीपच्या टायरचा तळ, बाजूला जाड चामडे, आत खोगिराखाली घालतात तसला नमदा, वर घोट्याभोवती बकलाचा पट्टा. पुढच्या पायांचे दोन आधी केले, मागचे दोन नंतर. मी खुराचे माप कागदावर उतरवून नेले होते, मिलिमीटरपर्यंत. खुशालरावांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "लेडीज का जेंट्स?"

रंभेला सवय लावण्याचे वेळापत्रक मी केले आहे. पहिल्या दिवशी बूट फक्त तिच्या गव्हाणीपाशी ठेवला. तिने हुंगला, शिंकली, मग त्याच्यावर पाय ठेवून कडबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी एकाच पायात दहा मिनिटे. तिने तो पाय असा उचलून धरला की जणू तो तिचा नव्हेच. तिसऱ्या दिवशी दोन्ही पायांत. ती गाळातून चालल्यासारखी पावले उंच उचलत अंगणभर फिरली. देवमनभाऊ कमरेवर हात ठेवून बघत होते.

"मॅडम, हे घोडी हाये का लेझीमवाली?"

"सवय होईल."

"तिले होईन. मले कशी होईन? टापच नाही वाजली तं गिऱ्हाइकाले कसं समजीन का टांगा आला?"

हा प्रश्न मी वहीत लिहून घेतला.

बूट घालायची वेळ आणि गुळाची वेळ मी एक ठेवली आहे. पाचव्या दिवसापासून ती बूट दिसला की आपण होऊन पाय पुढे करते. आता रोज अर्धा तास मातीवर चालते. लंगडणे नाही. पुढच्या आठवड्यात डांबरी रस्ता, मग रिकामा टांगा, मग माणसे.

गजालाचा फोन आला होता. मागचे पत्र तिने तुम्हाला वाचून दाखवले आणि तुम्ही म्हणालात, "बोल उसकू, आज घोडी कू चप्पल पैनाई, कल बैल कू चश्मा लगाएगी." वकारचाचा, चाची, सगळी हसली म्हणे. गजाला सांगतानाही हसत होती. मी वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर हसले.

वकारचाचांच्या दुकानात वेल्डिंग चालू असते. तिथे समोर बसत जाऊ नका. आरोग्याचा सामान्य नियम म्हणून लिहिते.

मिस्बाह

तिवसा, रविवार, १ एप्रिल २००७

अब्बा, सलाम.

चूक झाली आहे. माझी.

मंगळवारी रंभेला बूट घालून डांबरी रस्त्यावर नेले. फाट्यापासून आश्रमाच्या कमानीपर्यंत ती नीट गेली. परतताना थांबली. पुढे ओढली तर मान वर करून मागे सरकली. बूट काढले. दोन्ही पुढच्या पायांच्या टाचा बाजूने सोलल्या होत्या, उजवी जास्त. नमदा रक्ताने ओला होता. तिने आठवडाभर आपण होऊन पाय पुढे केला होता तो या बुटासाठी.

स्टँडवर केशवराव टांगेवाले आपल्या घोड्याचे नाल दगडावर वाजवत बाजूने गेले, गरज नसताना दोनदा.

मी मापे पुन्हा तपासली. कागदावर चूक नव्हती. दोन दिवस मला समजले नाही. शेवटी अम्मी भाकरी थापता थापता म्हणाली, "तेरे अब्बा राख पे चलाए बगैर किसी जनावर कू हात नहीं लगाते थे. तू पढीलिखी. तेरे कू राख गंदी लगती."

दुकानासमोरचा तो राखेचा पट्टा. भट्टीतली राख चाळून, पाण्याने दमट करून तुम्ही तो रोज सकाळी हाताने सपाट करायचात. बैल असो, घोडा असो, आधी त्यावरून चालवायचा आणि मग पाय उचलायचा. गिऱ्हाईक घाईत असले तरी, पाऊस असला तरी. मी लहानपणी समजत होते की ती दर्ग्याची राख आहे आणि हे बरकतीसाठी आहे. शाळेतल्या मैत्रिणींना तसे सांगितलेही होते. पुढे शिकले तेव्हा मनातल्या मनात त्याला अंधश्रद्धा म्हटले आणि विषय संपवला.

मी रंभेचा पाय उचलून, हातात धरून माप घेतले. हातात धरलेल्या पायावर वजन नसते. चारशे किलोचे जनावर त्यावर उभे राहिले की खूर पसरते, टाचेकडे सगळ्यात जास्त. मी न चालणाऱ्या घोडीचे अचूक माप घेतले होते.

काल मी राखेचा पट्टा केला. रंभेला अनवाणी चालवले. उजव्या पुढच्या पायाचा ठसा डाव्यापेक्षा टाचेला बोटाच्या जाडीचा पाव भाग रुंद आहे. बूट त्याप्रमाणे सैल करून मिळेल, ते खुशालराव करतील. पण ठसा एका बाजूला जास्त खोल गेला आहे. म्हणजे खूर कुठेतरी उंच राहिले आहे आणि ते कानसने घासून सम करायला हवे. किती आणि कुठे, हे मला कळत नाही. पुस्तकात कोन दिला आहे. रंभेच्या पायाला तो लागू पडत नाही.

तुम्ही राखेत काय बघता ते सांगा. गजाला लिहून घेईल.

जखमांना सात दिवस लागतील. मुदतीचे तीस दिवस उरले आहेत.

मिस्बाह

तिवसा, सोमवार, ९ एप्रिल २००७

अब्बा, सलाम.

तुमचे उत्तर आले नाही. गजाला म्हणाली, "बडे अब्बा बोले, राख कागज पे नहीं लिखी जाती."

मान्य आहे. म्हणून राखच पाठवते.

राखेतल्या ठशात मी प्लास्टर ओतले. दवाखान्यात हाड मोडलेल्या वासरांना बांधतो तेच. वाळल्यावर काढले तर रंभेचे खूर खालून जसे आहे तसे हातात आले, वजनासकट. देवमनभाऊ मुर्तिजापूरला बहिणीकडे चालले आहेत, तिथून पुढे अकोल्याला येऊन ते तुमच्या हातात देतील. जुन्या लुगड्यात गुंडाळले आहे. पडू देऊ नका.

जिथे घासायचे तिथे खूण करा. एवढेच मागणे आहे. बोलायला लागणार नाही.

मिस्बाह

तिवसा, रविवार, २२ एप्रिल २००७

अब्बा, सलाम.

हे पत्र गजालाला देऊ नका. तुम्ही स्वतः वाचा. मी काळ्या मार्करने लिहिले आहे, एका पानावर सहा-सात ओळी. पाने पंचवीसच्या वर झाली, कोपऱ्यात आकडे टाकले आहेत. सकाळी आठच्या सुमारास अंगणात सावलीला बसा. उन्हात नको, उन्हात तुम्हाला चकाकते.

मला माहीत आहे, अब्बा. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी रंभा.

प्लास्टर परत मिळाले. बाहेरच्या टाचेवर तुम्ही खिळ्याने ओढलेली तिरपी रेघ आहे. देवमनभाऊंनी स्टँडवर सगळ्यांना सांगितले, "गफ्फारभाऊनं ते ठसं मांडीवर घेतलं, लेकरू घेतल्यावानी. डोये मिटले, बोटं फिरवली, आन् म्हनले, बाहीरची टाच उंच हाये. पोरीले सांगजो, कानस आडवी नोको चालवू, तिरपी चालव. मी म्हनलं, असा कारागीर सात गावात नाही, डोये मिटून सांगते!"

मी रेघेपर्यंत घासले, तिरपे. दुसऱ्या दिवशी राखेतला ठसा सगळीकडे सारखा खोल होता. खुशालरावांनी बूट टाचेला रुंद केले. जखमा भरल्या होत्या, पण रंभा बूट बघून मागे सरायची. तिला मी पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकवले. बूट गव्हाणीपाशी, मग एक पाय, मग दोन. आठव्या दिवशी तिने पाय पुढे केला.

काल, शनिवारी, ती टांग्याला लागली. फाटा ते आश्रम, चार खेपा, प्रत्येक खेपेला चार माणसे. पट्टे सोडून पाहिले, कुठे लालीसुद्धा नाही. टाप वाजत नाही म्हणून देवमनभाऊंनी तिच्या गळ्यात घुंगरांची माळ बांधली आहे. ती बांधण्याआधी एक म्हातारी आपल्या मागे टांगा उभा बघून दचकली. म्हणाली, "अवं माय, हे घोडी हाये का मांजर!" देवमनभाऊ तिला बाजारात नेणार नाहीत. त्यांनी तसे माझ्यासमोर रंभेलाच सांगितले.

आता दुसरे. पहिल्या पत्रात मी जी क्रमवार हकीकत दिली ती अपुरी होती. दुरुस्ती करते.

क्रमांक १ मध्ये बँडचा उल्लेख आहे. तो का आहे हे लिहिले नाही. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांचे बैल आले, अकराच जोड्या, तेव्हा तुम्ही राखेतले ठसे वाकून बघत नव्हतात, बोटांनी चाचपत होतात. मी दारात उभी होते. त्यानंतर मी लक्ष ठेवले. तुम्ही वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे बंद केले होते. चष्मा तुम्ही इथे विसरला नाहीत. त्याचा उपयोग उरला नव्हता. खिळा तुम्ही आवाजावर ठोकत होतात. मेलेल्या खुरात हातोडीचा आवाज टणक येतो, जिवंत भागाकडे वळला की मऊ. हे तुम्हीच मला शिकवले आहे. तीन महिने तुम्ही कानांनी नाल ठोकले आणि एकही जनावर लंगडले नाही.

दहा तारखेला तिसऱ्या खिळ्याच्या वेळी बँड सुरू झाला. तुम्ही हातोडी थांबवली, मान वाकडी करून कान लावला. मी लगाम धरून तीन हातांवर उभी होते. मला दिसले. "अब्बा, बँड जाऊ द्या," एवढे मी म्हणायला हवे होते. म्हटले असते तर मला ठाऊक आहे हे तुम्हाला कळले असते. मी गप्प राहिले. तुम्ही खिळा ठोकला.

म्हणून तो खिळा एकट्या तुमचा नाही.

क्रमांक ३ आणि ४ च्या मध्ये एक गोष्ट घडली ती मी वगळली. पू निघाला तेव्हा केशवराव सगळ्यांसमोर म्हणाले, "काहून वो मॅडम, गफ्फारभाऊले आता दिसत नाही का काय?" चेष्टेत म्हणाले, पण सगळे माझ्याकडे बघू लागले. तुम्ही तेवढ्यात आलात. त्यांचे तुम्ही ऐकले नसावे. माझे तेवढे ऐकलेत. मला त्यांचे तोंड लगेच बंद करायचे होते आणि सगळ्यांचे लक्ष तुमच्या डोळ्यांवरून उडवायचे होते. हाताशी जे आले ते मी बोलले.

क्रमांक ४ मधले वाक्य मी बोलले हे खरे. ते वाक्य खरे नव्हते. रंभेला आज नाल चालत नाही, तिच्या खुराला आज खिळा धरत नाही, एवढेच खरे आहे. नाल ही चूक नाही. तुमच्या नालांवर पस्तीस वर्षे या रस्त्याने कापूस गेला आहे. मी मोजूनमापून बोलणारी आहे असे सगळे समजतात, म्हणून त्या दिवशी कोणी विचारले नाही. तुम्हीही विचारले नाही. माझे म्हणणे खरे धरलेत आणि पोते भरलेत.

तुम्ही आलात की मी स्टँडवर त्याच माणसांसमोर सांगणार आहे की मी खोटे बोलले. डोळ्यांचे सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मी आजवर कोणाला सांगितले नाही, अम्मीलाही नाही. पण अम्मीने परवा तुमचा चष्मा पेटीतून काढून पुसला आणि परत ठेवला. तेव्हा तिचे काय ते समजा.

आता पुढचे.

सोमवार, ३० एप्रिलला अमरावतीला मोतीबिंदूचे शिबिर आहे. तुमचे नाव मी नोंदवले आहे. तुम्हाला विचारले नाही. विचारले असते तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मग मला नाव तुमच्या मर्जीविरुद्ध नोंदवावे लागले असते. आधी ते तुम्हाला तपासतील. मी दिवाळीपासून जे बघते आहे त्यावरून मोतीबिंदूच असावा, पण मी जनावरांची आहे, माझ्यावर विसंबू नका. तपासू द्या.

डोळे कसेही निघोत, काम आहे. मागच्या आठवड्यात दोन टांगेवाल्यांनी बुटांबद्दल विचारले. त्यांतले एक केशवराव. त्यांच्या घोड्याचीही कड तुटते आहे. पण बूट घातलेले खूर झिजत नाही, वाढत राहते. दर पाच आठवड्यांनी ते राखेवर बघून घासावे लागते, नाही तर मार्चात रंभेच्या टाचा सोलल्या तेच पुन्हा होईल. रंभेची पुढची वेळ मेच्या मध्यावर येते. तुम्ही ओढलेल्या रेघेपर्यंत मी घासू शकते. रेघ कुठे ओढायची ते मला येत नाही, आणि दर वेळी प्लास्टर करून मुर्तिजापूरमार्गे पाठवणे ही काही कामाची रीत नव्हे. मला ते तुमच्याकडून शिकायचे आहे. तुमचा हात माझ्या हातावर ठेवून, राखेवर. त्याला डोळे लागत नाहीत हे तुम्ही मला अकोल्याहून दाखवले आहे.

राखेचा पट्टा मी रोज करते. दमट किती ठेवायचा ते अजून जमलेले नाही. कडेला तडे जातात.

हे पत्र देवमनभाऊ उद्या सोमवारी तुमच्या हातात देतील. सोबत एक पोस्टकार्ड आहे. माझा पत्ता त्यावर लिहिलेला आहे. येणार असाल तर कोऱ्या बाजूवर कोळशाने एक तिरपी रेघ ओढा आणि त्याच दिवशी पेटीत टाका. मी रविवारी सकाळी तुम्हाला घ्यायला अकोल्याच्या स्टँडवर येईन. येणार नसाल तर कारणे गजालाकडून लिहून घ्या, क्रमांक टाकून.

दोन्हींपैकी जे असेल ते मला शुक्रवार, २७ एप्रिलपर्यंत मिळाले पाहिजे. कृपया उत्तर द्या.

मिस्बाह